शशेव्स्की की डीन स्मिथ: प्रशिक्षक म्हणून सरस कोण?

अमेरिकन कॉलेज बास्केटबॉलमध्ये ड्यूक विद्यापीठाचे माइक शशेव्स्की (1980 ते 2022) 5 वेळा राष्ट्रीय विजेते, नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाचे डीन स्मिथ (1961 ते 1997) 2 वेळा. पण नुसती विजेतेपदं मोजू नका. 1975 पूर्वी राष्ट्रीय स्पर्धेत एका कॉन्फरन्समधून (विद्यापीठांच्या गटातून) एकच संघ जायचा, म्हणजे हंगाम उत्तम गेला तरी कॉन्फरन्सच्या बाद स्पर्धेत एक सामना हरलात की घरी.

डावपेच रचण्यात स्मिथ पुढे, असं माझं ठाम मत आहे. त्यांचा 'फोर कॉर्नर्स' बघा: चौघे चार कोपऱ्यांत, मधे पॉइंट गार्ड (खेळ चालवणारा खेळाडू) ड्रिबल करत राहतो. बचाव करणारे बाहेर ओढले जातात आणि बास्केटखाली जागा रिकामी होते. आघाडी टिकवायला रामबाण! 1982 च्या कॉन्फरन्स अंतिम सामन्यात व्हर्जिनियाला त्यांनी 47-45 असं हरवलं ते चेंडू असाच राखून. 1985-86 पासून 45 सेकंदांचं शॉट क्लॉक (तेवढ्या वेळात बास्केटवर फेक करायचं बंधन) आलं आणि या डावाची धार गेली.

शशेव्स्कींची ताकद बदलण्यात. मूळ पद्धत मॅन-टू-मॅन (प्रत्येकाने एका प्रतिस्पर्ध्यावर नजर ठेवायची), पासच्या वाटा अडवणारी. त्यात धोका असा की बचावपटू पुढे सरकल्यावर 'बॅकडोअर कट' बसतो, म्हणजे प्रतिस्पर्धी त्याच्या मागून बास्केटकडे धावतो. तरी 2015 मध्ये नवख्या खेळाडूंसाठी त्यांनी झोन बचावही (प्रत्येकाने आपली जागा राखायची) वापरला आणि जिंकले. 1990 च्या अंतिम सामन्यात यूएनएलव्हीकडून (नेवाडा विद्यापीठ, लास व्हेगास) 30 गुणांनी हरल्यावर पुढच्याच वर्षी त्याच संघाला 79-77 हरवणं, ही तयारी फार थोड्यांना जमते.

एका बाद सामन्यासाठी मी शशेव्स्की निवडेन.