बाथरूममधली आधाराची दांडी: आधी भिंत बघा

घरातल्या वयस्कर आईंना धरून उठता यावं म्हणून दांडी विकत घेण्याआधी भिंत कशाची आहे ते तपासा. पक्की वीट किंवा काँक्रीट असेल तर अँकर बोल्ट (भोकात फुगून घट्ट बसणारा) चालतो. सिपोरेक्स ब्लॉकमध्ये (हलका, सच्छिद्र काँक्रीटचा ब्लॉक) साधा प्लॅस्टिकचा प्लग ओढ बसून सैल होतो. तिथे केमिकल अँकर (भोकात चिकट रसायन भरून पक्का केलेला बोल्ट), नाहीतर आरपार बोल्ट आणि भिंतीमागे पट्टी हवी. टाइलला भोक पाडताना ड्रिलचा हॅमर बंद ठेवा, नाहीतर तडा जातो. दांडी 304 प्रतीच्या स्टेनलेस स्टीलची, 32 ते 40 मिमी व्यासाची घ्या. भिंतीपासून अंतर साधारण 40 मिमी. आईंना कमोडवर बसवा. उठताना हात आपसूक जिथे जातो, तिथेच खूण करा. सक्शनची, म्हणजे रबरी कपाने टाइलला चिकटणारी दांडी कृपा करून घेऊ नका, हवा शिरली की ती अचानक सुटते. टॉवेल रॉडवरही भार नको.