वीस तारीख सोडून

"अनुभव नाही म्हणून नोकरी नाही, नोकरी नाही म्हणून अनुभव नाही. मग सुरुवात करायची तरी कुठून?" ऑफिसातली पहिली नोकरी शोधणाऱ्या मुलामुलींकडून हा प्रश्न मी इतक्यांदा ऐकलाय की आता त्यावर सल्ला द्यायचा कंटाळा येतो. त्यापेक्षा एक हकिकत सांगते. मुलीची परवानगी आहे. ओळख पटेल असे तपशील बदललेत.

२०२४ चा मे. बार्शीकडची मुलगी, बी.कॉम., चोवीस वर्षांची. पुण्यात सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहायची. आधीची दोन वर्षं स्पर्धा परीक्षांत गेलेली. २०२३ च्या तलाठी भरतीला ४,६४४ जागांसाठी दहा लाखांवर अर्ज आले होते, त्यात हिचाही एक. तिथे काही झालं नाही तेव्हा पुस्तकं रद्दीत घातली आणि ऑफिसातली मिळेल ती नोकरी शोधायला लागली. चार महिन्यांत मोबाइलवरून दोनशेच्या आसपास अर्ज केले. मुलाखती झाल्या दोन.

पहिल्या भेटीत मी चूक केली. तिने बायोडाटा पुढे केला आणि मी लाल पेन उचललं. इंटरनेटवरून उतरवलेल्या 'करिअर ऑब्जेक्टिव्ह'च्या चार ओळी खोडल्या, छंद खोडले, वडिलांचं नाव आणि जन्मतारखेची गरज नाही म्हणाले. ती मान डोलावत राहिली, गेली आणि तीन आठवडे फिरकली नाही. दोनशे ठिकाणांहून नकार घेऊन आलेल्या मुलीला मी दोनशे एकावा दिला होता.

परत आली तेव्हा कागद बाजूला ठेवून विचारलं, "दिवस कसा जातो गं तुझा?" सकाळी अर्ज, दुपारी झोप, मेसचा एक डबा दोन वेळा पुरवायचा. बोलता बोलता तिचा फोन वाजला. तिने कट केला.

"कोणाचा होता?"

"अनोळखी नंबर आहे, मॅडम. मी उचलत नाही."

आम्ही दोघींनी बसून कॉलची यादी काढली. ०२० ने सुरू होणारे कितीतरी मिस्ड कॉल. मार्चमध्ये एका 'कन्सल्टन्सी'ने रजिस्ट्रेशनचे म्हणून ३,५०० रुपये घेतले होते आणि नंतर फोन बंद. तेव्हापासून तिने अनोळखी नंबर घेणंच सोडलं होतं. दोनशे अर्जांवर स्वतःचा नंबर लिहायचा आणि त्यावर आलेला फोन मात्र घ्यायचा नाही. माझ्यासमोर तिने चार नंबर परत लावले. एक क्रेडिट कार्डवाला, एक बंद, आणि दोन ऑफिसं. दोन्हीकडून एकच उत्तर: "ती जागा भरली, मॅडम."

तेव्हा ती रडली. आणि मग खरी गोष्ट बाहेर आली: घरी तिने 'ट्रेनिंग चालू आहे' असं सांगून ठेवलं होतं. पप्पा रोज विचारायचे, ती रोज काहीतरी रचून सांगायची. या खोट्याचं ओझं नोकरी नसण्यापेक्षा जड झालं होतं.

पैशांबद्दल एवढंच सांगितलं की फोन उचलायचा, आणि समोरच्याने नोकरीआधी पैसे मागितले की ठेवून द्यायचा. मग कारण रजिस्ट्रेशनचं असो, युनिफॉर्मचं असो की लॅपटॉपच्या डिपॉझिटचं. घरबसल्या डेटा एंट्रीचं काम देऊन, नंतर 'चुका निघाल्या' म्हणत वकिलाच्या नोटिसीची भीती घालणारेही याच जातीचे.

वडिलांचं कृषी सेवा केंद्र आहे. मी विचारलं, "दुकानात तू काय करायचीस?"

"काही नाही. बसायचे."

या 'काही नाही'वर आम्ही तासभर घालवला. बारावीपासून उधारीची वही हिच्या हातात होती. शेतकरी जूनमध्ये बी-खत उचलणार आणि दिवाळीच्या सुमारास सोयाबीन विकलं की फेडणार. कोणाकडे किती राहिलेत, कोणाला आठवण करायची, कोणाच्या घरी यंदा अडचण आहे म्हणून थांबायचं, सगळं हिला पाठ. अनुदानाचं खत आधार आणि अंगठा घेऊन पॉस मशीनवर विकावं लागतं, आणि मशीनमधला साठा गोदामातल्या पोत्यांशी जुळावा लागतो. तो जुळवायची हीच. बार्शीचे सीए बिलं हवी असली की वडिलांना नाही, हिला फोन करायचे.

हा अनुभव नाही तर काय? मात्र त्याला 'अकाउंट्स एक्झिक्युटिव्ह' असलं भपकेबाज नाव द्यायला मी विरोध केला. मुलाखतीतल्या दुसऱ्या प्रश्नाला असली नावं उघडी पडतात. जे केलं ते तीन ओळींत लिहिलं. दोन वर्षांची गॅप तिला लपवायची होती. तीही 'स्पर्धा परीक्षेची तयारी' अशी सरळ लिहायला लावली. पुण्यात त्याची लाज काय बाळगायची? मुलाखत घेणाऱ्याच्या घरातही एखादा एमपीएससीवाला असतो.

कॉलेजात शिकलेली टॅली, म्हणजे हिशेब ठेवायचं सॉफ्टवेअर, विसरली होती. रूममेटच्या लॅपटॉपवर त्याचा शिकणाऱ्यांसाठीचा फुकट एज्युकेशनल मोड घेतला. त्यात पहिली, दुसरी अशा मोजक्याच तारखा टाकता येतात. दुकानाची महिनाभराची बिलं तिने त्या तारखांवरच कोंबली. (त्या रूममेटला त्याच पावसाळ्यात सुरू झालेल्या मुख्यमंत्री युवा कार्यप्रशिक्षण योजनेत महिना १०,००० विद्यावेतनावर जागा मिळाली. पुढे कायम करतील याची हमी नव्हती, पण हातात काम आणि प्रमाणपत्र पडलं.)

मग जायचं कुठे आणि कधी? यात मी अडाणी, म्हणून माझं रिटर्न भरणाऱ्या करसल्लागारांना विचारलं. त्यांनी महिनाच उलगडून दाखवला. ७ तारखेला टीडीएस, म्हणजे कापून घेतलेला कर भरायचा. ११ ला जीएसटीआर-१, म्हणजे विक्रीचं जीएसटी विवरण. १४ ला २बी, म्हणजे खरेदीवरच्या जीएसटीचं पोर्टलवरचं विवरण येतं आणि खरेदीची बिलं त्याच्याशी ताडायची धांदल. १५ ला कामगारांचा पीएफ, आणि २० ला ३बी, म्हणजे महिन्याचा जीएसटी भरायचं विवरण. "वीस तारखेला कोणी दारात आलं तर मी वर मानही करत नाही," ते म्हणाले. शिवाय पगारदारांच्या रिटर्नची नेहमीची मुदत ३१ जुलै. त्यामुळे जूनअखेरीस लहान ऑफिसांना माणसं लागतात, पण त्यांची जाहिरात कोणी देत नाही. ओळखीत विचारतात. ऑनलाइन दोनशे अर्ज करणाऱ्या मुलीला ही ऑफिसं दिसतच नव्हती.

२४ जूनच्या सोमवारपासून ती टिळक रोड, नारायण पेठ पायी फिरली. "व्हेकन्सी आहे का?" असं विचारायचं नाही, एवढं ठरलं होतं. "जुलैच्या गर्दीत बिलांच्या एंट्रीला माणूस हवाय का? दुकानाची खाती सांभाळलीत, टॅली येतं." बहुतेक ठिकाणी "बायोडाटा ठेवून जा." एके ठिकाणी तर वॉचमननेच परतवलं. अकराव्या ऑफिसात एका गृहस्थांनी बँक स्टेटमेंट आणि खातं समोर ठेवलं: "जुळव." चाळीस मिनिटांनी तिने सांगितलं, "सर, एक चेक मला सापडत नाही." त्यांनी तो दाखवला. सोमवारी, १ जुलैला फोन आला, अनोळखी नंबरवरून. तिने उचलला.

तीन महिने तात्पुरतं, पगार १२,०००. पुण्यात कॉट आणि मेसमध्येच निम्म्याहून जास्त जातात, हे मी तिला आधीच सांगितलं होतं. आणि असंच सगळं करणाऱ्या दुसऱ्या एका मुलाला काम मिळायला त्या वर्षीचा डिसेंबर उजाडला. बाजार वाईट होता, तो काही माझ्या खोलीत बसून सुधारत नव्हता.

पहिला पगार झाला त्या रात्री तिने घरी खरं सांगितलं. पप्पा म्हणाले, "ट्रेनिंगवाल्या पोरीचा आवाज असा असतो व्हय? मला पहिल्याच महिन्यात कळलं होतं."

पुढची भेट २० सप्टेंबरला ठरली होती. तारीख मीच दिली होती, कॅलेंडर न बघता. आदल्या रात्री तिचा मेसेज: "मॅडम, उद्या नाही जमणार. उद्या वीस आहे."