सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या गोडाऊनला किती कॅमेरे पुरतील?

अर्धा एकर जागा, मागे मोकळा प्लॉट, रात्री एकच वॉचमन, एवढं तुम्ही लिहिलंय. कुलपाचा मात्र उल्लेखही नाही. कॅमेरा चोरी दाखवतो, थांबवत नाही. आधी मागचं शटर बघा.

घड्याळ लावून हिशेब करा. सात फुटी भिंत चढायला अर्धा मिनिट. शटरला दोन्ही कडांना कुलपं असतात, मधे काहीच नसतं. मधोमध पहार घालून खाली गाडीचा जॅक लावला की पट्ट्या वर वाकतात आणि माणूस आत सरकतो. कुलपांना हातही लावावा लागत नाही. दोन-तीन मिनिटांचं काम. म्हणून सेंटर लॉक हवाच, तळाचा अँगल जाड हवा, आणि लॉक अडकतं तो हूक काँक्रीटमध्ये पुरलेला हवा. फरशीला स्क्रूने बसवलेला हूक पहारीच्या हिसक्याने उपटून येतो.

खबर लागल्यापासून मदत पोचेपर्यंत जितकी मिनिटं लागतात, त्याहून जास्त वेळ चोर अडकून पडला पाहिजे. खबर लागण्याआधी त्याचा जो वेळ गेला तो हिशेबात धरायचा नाही. म्हणून पहिली घंटा भिंतीपाशी वाजावी: मागच्या भिंतीच्या आतल्या बाजूने बीम सेन्सर, म्हणजे न दिसणारा किरण, जो कुणी ओलांडला की घंटा वाजते. त्यानंतर शटरने झुंज द्यायची. गोडाऊनमध्ये पीआयआरवर, म्हणजे अंगाच्या उष्णतेवरून हालचाल टिपणाऱ्या सेन्सरवर, विसंबू नका. तो अंगाची उष्णता आणि माणसाच्या पाठीमागे दिसणाऱ्या भिंतीची उष्णता यातला फरक ओळखतो. एप्रिल-मेमध्ये पत्र्याखाली तो फरकच उरत नाही. बहुतेक ड्युअल सेन्सरही (पीआयआरला मायक्रोवेव्हची जोड दिलेले) तिथे मार खातात, कारण दोन्ही भाग एकदम चाळवले तरच ते वाजतात. शटरला मॅग्नेटिक सेन्सर (शटर उघडलं की वाजतो) आणि मालाच्या गाठींच्या मधल्या वाटेत बीम लावा. टॉवेलचा तंतू बीमच्या काचेवर बसतो, दर आठवड्याला पुसा.

कॅमेरे सहा ते आठ पुरे. चेहरा ओळखू यायला दिसणाऱ्या रुंदीच्या दर मीटरला 250 पिक्सेल (चित्राचे ठिपके) लागतात. दोन मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याला आडवे 1920 असतात, म्हणजे साडेसात मीटर रुंदीच्या पुढे नुसती सावली. फाटक आणि शटरवर जवळून रोखा, अख्खं आवार एकात कोंबू नका. आठ कॅमेरे, प्रत्येकी 2 एमबीपीएस (सेकंदाला 2 मेगाबिट), 30 दिवसांचं रेकॉर्डिंग: 5 टीबीच्या (टेराबाइट) वर जातं, 6 टीबीची हार्डडिस्क घ्या. रेकॉर्डर ऑफिसातल्या टेबलावर ठेवू नका, चोर तोच उचलून नेतो. कुलपाच्या खोलीत, यूपीएसवर ठेवा.

आता वॉचमन. चोरी झाली की पहिला संशय त्याच्यावर, ही पद्धत मला मुळीच पटत नाही. केबिन पुढच्या फाटकाशी, मागची भिंत दिसत नाही, हातात काठी, टॉर्चचे सेल त्याच्याच पगारातून. मग त्याने काय करायचं? मागच्या भिंतीचा बझर त्याच्या केबिनमध्ये द्या. शिट्टी, चांगली टॉर्च, मालकाचा नंबर आणि 112 एवढं त्याच्यापाशी असू द्या. चोराला तोंड द्यायला एकट्याने जायचं नाही, हे त्याला स्पष्ट सांगा.

एक राहिलं. रात्रपाळीला आत माणसं असतील तर बाहेरून कुलूप कधीच लावू नका. मे 2025 मध्ये याच अक्कलकोट रोडवर टॉवेल कारखान्याच्या आगीत आठ जीव गेले. शटरखेरीज एक दार असं ठेवा, जे आतून किल्लीशिवाय, नुसत्या धक्क्याने उघडेल. त्याच्यासमोर गाठी रचू देऊ नका.