झिलईखालचा काळपट डाग

प्रश्न : म्हापशाच्या घरी न्हाणीघरात लाल मातीच्या पांढऱ्या टाइल्स बसवल्या. पावसात सांध्यांलगत काळपट डाग दिसतात, पुसले तरी जात नाहीत. का?

उत्तर : डाग झिलईच्या खाली आहे. भिंतीच्या टाइलचा गाभा 10 टक्क्यांहून जास्त पाणी शोषतो. त्याचा लाल रंग झाकायला झिलईआधी एन्गोबचा पांढरा थर देतात : माती, फ्रिट (काचेची भुकटी) आणि झिरकॉन (पांढरेपणा देणारं खनिज). फ्रिट कमी पडली की हा थर पाणी पितो आणि ओला गाभा आरपार दिसतो. जास्त झाली तर भट्टीत भाजताना वायू कोंडून झिलईला टाचणीएवढी छिद्रं पडतात.

वरून सीलर मारणं वाया. आधी पाइपची गळती बघा, पावसाळा सरल्यावर सांधे खरवडून भिंत पुरती सुकवा, मगच इपॉक्सी ग्राउट (सांधे बुजवायचं राळेचं मिश्रण) भरा. नवीन टाइल घेताना नमुन्याची पाठ तासभर पाण्यात ठेवा. समोरून रंग काळवंडला तर तो माल नकोच.