पुढील वर्षाचे बसमार्ग टेस्ट प्रतीत आखावेत काय?

प्रश्न : आमच्या शाळेने बसमार्ग आखण्यासाठी संगणकप्रणाली घेतली असून पुरवठादाराने तिची एक ‘टेस्ट’ प्रतही, म्हणजे चालू कामाला धक्का न लावता बदल करून पाहण्यासाठीची वेगळी नक्कलही, दिली आहे. जूनपासूनचे मार्ग आत्ता मूळ प्रणालीत आखायला घेतले, तर चालू फेऱ्यांत घोटाळा होईल का? टेस्ट प्रतीत केलेले काम वाया तर जाणार नाही ना?
– एक कार्यालयीन कर्मचारी, चोपडा तालुका

उत्तर : आखणी टेस्ट प्रतीतच करावी. मूळ प्रणालीत एखादा थांबा हलवला की चालकाची यादी आणि पालकांना दिसणारी वेळही बहुधा लगेच बदलते, आणि वार्षिक परीक्षेच्या दिवसांत असा गोंधळ कोणत्याही शाळेला परवडणारा नाही. मात्र टेस्ट प्रतीतही पालकांचे खरे मोबाइल क्रमांक असतात. त्यामुळे तेथील संदेशसेवा बंद असल्याची पुरवठादाराकडून लेखी खात्री करून घ्यावी. शक्य असल्यास ते क्रमांकच काढून टाकावेत.

काम वाया जाण्याची आपली शंका रास्त आहे. टेस्ट प्रत म्हणजे ती तयार केली त्या दिवशीची माहिती. त्यानंतर मूळ प्रणालीत आलेला नवा प्रवेश किंवा बदललेला पत्ता तिच्यात आपोआप येत नाही. तो आणण्यासाठी प्रत नव्याने काढली, तर तोवर आखलेले मार्ग बहुधा पुसले जातात. म्हणून काम सुरू करण्यापूर्वीच तयार मार्ग मूळ प्रणालीत कसे न्यायचे, एका फाइलने की हाताने पुन्हा भरून, हे विचारून घ्यावे. हाताने भरायचे असतील, तर मे महिन्यातील काही दिवस त्यासाठी राखून ठेवावे लागतील.

आता खुद्द आखणीविषयी. दहावीची मुले वगळून आणि बाकीच्यांना एक इयत्ता पुढे नेऊन मग थांबे मांडावेत. आपल्याकडे मार्चपासून उन्हामुळे शाळा सकाळची भरते. त्या काळात जीपीएसने नोंदवलेल्या वेळा जूनमधील दुपारच्या शाळेला लागू पडत नाहीत, कारण अडावद, धानोरा या बाजूच्या रस्त्यावर सकाळी सातची वर्दळ वेगळी आणि केळीचे ट्रक निघाल्यानंतरची वेगळी. नकाशाला काळ्या जमिनीतला शेतरस्ता आणि डांबरी रस्ता सारखाच दिसतो. पावसाळ्यात नाल्यावरचा फरशी पूल पाण्याखाली जातो हेही त्याला ठाऊक नसते. असे तुकडे टेस्ट प्रतीत बंद करून पर्यायी मार्ग किती लांबतो ते पाहावे. माझ्या मते या प्रतीचा खरा उपयोग येथेच आहे. बसचे दार डाव्या बाजूला असते, तेव्हा महामार्गावर मुलांना रस्ता ओलांडावा लागणार नाही असे थांबे निवडावेत, मग फेरी थोडी लांबली तरी चालेल.

आखलेला प्रत्येक मार्ग चालकाला रिकाम्या बसने एकदा फिरून पाहू द्यावा. राज्याच्या 2011 च्या स्कूलबस नियमांनुसार शाळेत मुख्याध्यापकांच्या अध्यक्षतेखाली परिवहन समिती असते. तिच्यासमोर मार्ग ठेवून मगच ते मूळ प्रणालीत न्यावेत, आणि त्याआधी चालू वर्षाच्या मार्गांची प्रत वेगळी जपून ठेवावी.