उदगीरच्या ब्रँचला स्विफ्ट कोडच नाही म्हणतेत, मग जर्मनीहून भावानं पैसे कसे पाठवायचे?

ब्रँचवाले खरं सांगायलेत. आपल्याकडं तालुक्याच्या बऱ्याच ब्रँचला स्वतःचा स्विफ्ट कोड नसतो आणि त्यानं काही अडतबी नाही. पासबुकावर आहे तो आयएफएससी, तो देशातल्या देशात चालतो, बाहेरून पैसे यायला स्विफ्ट लागतो, फॉर्मवर त्यालाच बीआयसी बी म्हणतेत. घोळ असा की आयएफएससी ११ अक्षरी आणि स्विफ्ट ८ नाहीतर ११ अक्षरी, म्हणून लोक एकाच्या जागी दुसराच टाकतेत. पाचवं अक्षर बघा, शून्य असलं की आयएफएससी. स्विफ्टमधी पाचव्या-सहाव्या जागी आयएन असतंय, म्हणजे इंडिया. त्याच्या आधीची चार अक्षरं बँकेची, नंतरची दोन गावाची आणि शेवटची तीन ब्रँचची, ती नसली किंवा एक्सएक्सएक्स असली तर हेड ऑफिस.

आता तुम्ही मॅनेजरला एवढंच विचारा की बाहेरचे पैसे कोणत्या ब्रँचमार्फत घेता, लातूर का संभाजीनगर का थेट मुंबई, आणि तिचा कोड भावाला द्या. खाते नंबर आणि नाव तुमचंच, पासबुकावर आहे तस्संच, आणि मेसेजच्या रकान्यात तुमचा आयएफएससी टाकायला सांगा म्हणजे पैसे बरोबर उदगीरच्या खात्यात येतेत. गुगलवरून कोड उचलू नका बरं का. आपल्या भागात हैदराबाद बँकेची जुनी खाती लई, ती बँक २०१७ लाच स्टेट बँकेत गेली, पण तिचे कोड नेटवर अजून फिरायलेत. खातं ग्रामीण किंवा जिल्हा बँकेत असलं तर सरळ दुसऱ्या बँकेत खातं काढा, तिथं डोकं लावण्यात अर्थ नाही.

जर्मनीचा फॉर्म आयबॅन, म्हणजे तिकडच्या पद्धतीचा खाते नंबर, मागंल. भारतात आयबॅन नसतो, भावानं युरोपबाहेरचं ट्रान्सफर निवडायचं. चार्जेसमधी शेअर, म्हणजे खर्च दोघांत वाटून, निवडलं तर मधली बँक वाटेतच थोडे कापून घेती, पूर्ण रक्कम हवी असली तर सगळा खर्च भावाकडं ठेवायचा. कारण विचारलं तर घरखर्च म्हणा, आणि सख्ख्या भावाच्या पैशावर टॅक्स नाही, एफडी केली तर व्याजावर लागतो.

पैसे पाठवले की भावाला यूईटीआर नंबर, म्हणजे त्या ट्रान्सफरचा माग काढायचा नंबर, मागून ठेवा, ३६ अक्षरी असतो. अडकले तर त्याच्यावरून कुठल्या बँकेत थांबलेत ते कळतंय, नाहीतर काउंटरवरचा माणूस नुसतं “अजून आले नाहीत” म्हणून घरी लावतो.