आठ वर्षांच्या हळव्या मुलीला ‘श्यामची आई’ वाचायला द्यावं का?

द्या, पण पुस्तक हातात ठेवून बाजूला होऊ नका. रोज थोडं तुम्हीच वाचून दाखवा. साने गुरुजींनी ते ४२ रात्रींत, म्हणजे प्रकरणांत, मांडलंय आणि बऱ्याच रात्री सुट्या वाचता येतात. पोहायला शिकण्यासारख्या हलक्या रात्रींपासून सुरुवात करा. शेवटाकडे कर्ज, अपमान, आजारपण आणि आईचा मृत्यू येतो. तो भाग झोपताना नको, दिवसा वाचा. आई शेवटी जाते हेही आधीच सांगून टाका. शाळेच्या वाचनालयात मी बघते, आधी ठाऊक असलेलं दुःख मुलं बऱ्यापैकी पेलतात, अवचित आलेलं जड जातं. (रडली तर रडू दे, मोठेही रडतात.) मात्र घरात नुकतंच कुणी गेलं असेल किंवा तुम्हीच आजारी असाल, तर वर्षभर थांबा.